काढून घेतलेली जमीन, न बांधलेली घरे

श्रीमंतांची संपत्ती काढून ती गरिबांत वाटली तर देशाची अर्थव्यवस्था सुधारेल काय, हा प्रश्न २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बराच गाजला. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला, पंतप्रधानांनी प्रचारसभांतून मंगळसूत्राचा विषय काढला, दूरचित्रवाणीवर चार दिवस रणे माजली आणि मतदान आटोपताच सारे शांत झाले. प्रश्न मात्र होता तेथेच आहे. विशेषतः सिल्व्हर पार्कसारख्या वस्त्यांतून तो रोज नव्याने जन्म घेत असतो.

सिल्व्हर पार्क म्हणजे मीरा रोडच्या पूर्वेचा, मीरा-भाईंदर रस्त्यालगतचा भाग. एकीकडे दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारती, दुसरीकडे मेट्रोचा उन्नत मार्ग, खाली रिक्षांची न संपणारी रांग. येथे राहणारा माणूस सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने जातो आणि रात्री उभ्यानेच परततो. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. एकाचा पगार घराच्या कर्जाच्या हप्त्यात जातो आणि दुसऱ्याच्या पगारावर संसार चालतो. तेथील एका कौटुंबिक मेळाव्यात बोलण्याचा प्रसंग मध्यंतरी आला. भाषणानंतर पंचविशीतील एका तरुणाने विचारले, "मुंबईत एकेका माणसाची सत्तावीस मजल्यांची घरे आहेत. आम्हाला दोन खोल्यांसाठी वीस वर्षे हप्ते भरावे लागतात. हे काढून वाटले तर बिघडेल काय?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. या मुलाला मार्क्स वाचायला कोणी दिला नसावा. त्याला तो कर्जाच्या हप्त्याने शिकवला.

अशा प्रश्नाला 'हा साम्यवाद आहे' असे म्हणून उडवून लावण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडली पाहिजे. कारण महाराष्ट्राने संपत्तीच्या फेरवाटपाचे एक नव्हे तर अनेक प्रयोग गेल्या ऐंशी वर्षांत केले आहेत. त्यांपैकी काही फसले, काही साधले. कोणते का फसले आणि कोणते का साधले, याचा हिशेब मांडण्यासाठी रशिया-चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. मीरा रोडची वस्ती वाढली त्यालाच यातील दोन फसलेले प्रयोग पुष्कळ अंशी कारणीभूत आहेत.

पहिला प्रयोग भाडे नियंत्रणाचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरची टंचाई, त्यात फाळणीचे निर्वासित. त्या घटकेला हा उपाय अपरिहार्य होता, हे मान्य केले पाहिजे. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा अर्धशतक टिकला. घरमालक श्रीमंत, भाडेकरू गरीब. म्हणून मालकाच्या उत्पन्नातला वाटा भाडेकरूला द्यायचा, एवढेच त्याचे तत्त्व. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींत आपल्यापैकी कितीतरी जणांची बालपणे गेली ती याच कायद्याच्या सावलीत. तेव्हा त्याचे लाभार्थी आपणही होतो, हे विसरून त्याच्यावर टीका करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु पुढे काय झाले? महिना दहा-पंधरा रुपये भाड्यात इमारतीची डागडुजी होईना. मालकाने जिन्याची फळी बदलणे सोडले, मग छपराकडे पाहणेही सोडले. १९६९ साली सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काढावे लागले, तेव्हा उपकर लागू झालेल्या इमारती होत्या १९,६४२. आणि त्याहून गंभीर परिणाम डोळ्यांना दिसणारा नव्हता. जो कायदा भाडे गोठवतो आणि भाडेकरूला काढू देत नाही, तो असताना भाड्याने देण्यासाठी नवी इमारत कोण बांधणार? कोणी बांधली नाही. चाळी बांधण्याचा मुंबईतील एक भरभराटीचा उद्योगच थांबला. पगडी नावाची काळ्या पैशाची रीत रूढ झाली. ज्याला खोली मिळाली होती त्याचे भले झाले. पण त्याच्या मुलाचे लग्न झाले तेव्हा भाड्याची दुसरी खोली शहरात उरली नव्हती. तो मुलगा डोंबिवलीला गेला, वसईला गेला, मीरा रोडला आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात या गोठवलेल्या भाड्याची तरतूद कालौघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला आणि ३१ मार्च २००० पासून नवा भाडे कायदा लागू झाला. तोवर दोन पिढ्या उपनगरी गाड्यांना लटकून मोठ्या झाल्या होत्या.

दुसरा प्रयोग अधिक थेट होता. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १७ फेब्रुवारी १९७६ रोजी लागू झाला. आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे प्रमुख नेते तुरुंगात होते आणि संसदेत वाद घालायला फारसे कोणी उरले नव्हते. कायद्याचा हेतू ऐकायला निर्दोष होता: शहरातील मोकळी जमीन मूठभरांच्या हाती साचू नये, सट्टेबाजी थांबावी, जादा जमीन सरकारने घ्यावी आणि त्यावर सामान्यांची घरे व्हावीत. मुंबईसारख्या महानगरात एका व्यक्तीला मोकळी जमीन किती ठेवता येणार, तर ५०० चौरस मीटर. जादा जमिनीचा मोबदला किती, तर मोठ्या शहरांत चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये, लहान शहरांत ५ रुपये. आणि जमीन कितीही असली तरी एकूण मोबदला २ लाखांच्या वर नाही. श्रीमंतांकडून काढून घेणे याहून स्पष्ट शब्दांत कोणत्या कायद्याने सांगितले असेल?

आता फळ पाहा. देशभरात जादा ठरवलेली जमीन होती सुमारे २ लाख २० हजार हेक्टर. दोन दशकांनंतर तिच्यापैकी सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यात आली होती ती सुमारे १९ हजार हेक्टर. शंभरातली नऊ देखील नाही. उरलेल्या जमिनीचे काय झाले? ती मालकाला विकता येत नव्हती, सरकारला घेता येत नव्हती आणि बांधणाऱ्याला बांधता येत नव्हती. ती न्यायालयांत आणि फायलींत पडून राहिली. जेथे जमीनच दुर्मीळ, तेथे कायद्याने ती आणखी दुर्मीळ केली; आणि दुर्मीळ वस्तूचे भाव वाढतात हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. प्रस्तुत लेखक तर कलाशाखेचा आहे. ज्या गरिबासाठी जमीन रोखून धरली, त्यालाच शेवटी महाग घर घ्यावे लागले किंवा झोपडीत राहावे लागले.

मात्र सगळ्यांचेच नुकसान झाले असे नाही. कायद्याच्या विसाव्या कलमात सरकारला सूट देण्याचा अधिकार होता. लोकहितासाठी किंवा मालकाची अडचण टाळण्यासाठी सूट देता येई. या एका कलमाभोवती मंत्रालयापासून ठाण्याच्या यूएलसी कार्यालयापर्यंत एक नवीच बाजारपेठ उभी राहिली. बिल्डरने सूट मिळवायची, त्या बदल्यात लहान सदनिका बांधायच्या आणि त्यांतील काही टक्के सरकारने सुचवलेल्या व्यक्तींना ठरलेल्या दराने द्यायच्या, अशी रीत पडली. या सदनिका मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातील कोट्यातून वाटल्या जात. त्या कोणाला मिळाल्या, याची चौकशी पुढे उच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्याकडे सोपवावी लागली, आणि एकाच कुटुंबाने दोन-दोन घरे पदरात पाडून घेतल्याची उदाहरणे बाहेर आली. या कोट्याच्या लाभार्थींत आमचे पत्रकारबंधूही होते, हे येथे नमूद केलेले बरे. नाहीतर फक्त पुढाऱ्यांनाच बोल लावल्यासारखे होईल.

मीरा-भाईंदर या बाजारपेठेच्या ऐन उंबऱ्यावर वाढत होते. नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. १९९१ साली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ साली ती ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली ८ लाख ९ हजार. जेथे दहा वर्षांत वस्ती तिप्पट होते तेथे मोकळ्या जमिनीवरच्या एका शिक्क्याची किंमत किती होईल? येथील जमिनींना यूएलसीची बनावट प्रमाणपत्रे जोडून त्या कायद्याच्या तावडीतून सोडवल्या, अशा आरोपांवरून ठाणे पोलिसांत २०१६ साली गुन्हा नोंदवला गेला आणि २०२१ साली ते प्रकरण पुन्हा उकरले गेले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. त्यात आपण पडू नये. आपल्या मुद्द्यापुरते एवढेच पुरे की कायदा रद्द झाल्यावर वर्षानुवर्षे त्याचे खोटे कागद बाजारात मौल्यवान राहू शकतात, याचा अर्थ खरे कागद किती मौल्यवान असतील ते समजावे.

वाजपेयी सरकारने १९९९ साली हा कायदा रद्द केला. पण तो राज्यांच्या ठरावांवरून झालेला असल्यामुळे प्रत्येक राज्याने ते रद्द करणे स्वीकारायचे होते. महाराष्ट्राला त्यासाठी आणखी आठ वर्षे लागली. २९ नोव्हेंबर २००७ रोजी, तेही केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी अडकेल म्हणून, राज्याने तो स्वीकारला. आणि त्यानंतरही विसाव्या कलमाखाली सूट दिलेल्या जमिनींवरील अटी कायम आहेत की नाहीत, यावर खटले चालूच राहिले. अखेर २०१९ साली शासनाने ठरावीक अधिमूल्य भरून घेऊन त्यातून सुटकेचा मार्ग काढला.

येथे डाव्या विचाराचे मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कायदा रद्द झाला तेव्हा घरे स्वस्त व्हायला हवी होती. ती का झाली नाहीत? खरे आहे, झाली नाहीत. कारण तीस वर्षांत मोकळ्या जमिनीचे हक्क थोड्या हातांत गोळा झाले होते आणि बांधकामाला लागणारी दुसरी पन्नास परवानगीपत्रे जशीच्या तशी होती. गाठ एकदा पक्की बसली की दोरीचे एक टोक सोडून ती सुटत नाही. दुसरा आक्षेप असा की, अंमलबजावणी भ्रष्ट होती म्हणून तत्त्व चुकीचे कसे ठरते? हा आक्षेप मात्र नीट तपासला पाहिजे. संपत्ती काढून घेण्याचा आणि सूट देण्याचा अधिकार जेव्हा एकाच कार्यालयाच्या हाती असतो, तेव्हा भ्रष्टाचार हा अपघात राहत नाही. तो त्या रचनेचा धर्मच बनतो. मालकाची मालकी गेली, गरिबाला ती मिळाली नाही. मधल्या मध्ये ती फाइल हाताळणाऱ्याची झाली. फेरवाटप झालेच, फक्त ते श्रीमंतांकडून अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या श्रीमंतांकडे झाले.

हीच कथा करांच्या क्षेत्रात वेगळ्या वेषात घडली. १९७३-७४ साली आपल्याकडे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यात शंभर रुपये मिळवले तर सव्वादोन रुपये हाती राहत, आणि त्यावर पुन्हा संपत्ती कर. त्याने श्रीमंत गरीब झाले काय? ते काळ्या पैशाचे धनी झाले. वांछू समितीने १९७१ च्या अहवालातच सांगितले होते की हे दर करचुकवेगिरीचे एक मुख्य कारण आहेत. मृत्यूनंतर घेतली जाणारी इस्टेट ड्यूटी १९५३ पासून होती. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती रद्द केली तेव्हा तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० कोटी होते आणि कज्जे अगणित. १९५७ चा संपत्ती कर अरुण जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात काढला. २०१३-१४ साली त्यातून आले होते १,००८ कोटी रुपये. त्याच्या जागी एक कोटीवर उत्पन्न असलेल्यांवर त्यांनी दोन टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून ९ हजार कोटी अपेक्षित धरले. मालमत्ता मोजत बसण्यापेक्षा उत्पन्नातला निश्चित वाटा घेणे सरकारलाही अधिक फायद्याचे, असा त्याचा अर्थ. श्रीमंतांवर कर नको असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा: दोन टक्के वाढवणारे सरकार डावे नव्हते.

त्या तरुणाच्या मनातील हिशेब एकदा मांडूनच पाहू. समजा, देशातील अतिश्रीमंतांकडे शंभर लाख कोटी रुपयांची संपत्ती आहे आणि ती सगळी उद्या १४० कोटी लोकांत वाटली. माणशी सुमारे ७१ हजार रुपये येतील. चौघांच्या कुटुंबाला पावणेतीन लाखांहून अधिक. ही रक्कम क्षुल्लक नाही. मेळघाटातल्या घराला ती वरदान वाटेल. पण सिल्व्हर पार्कातील घराच्या किमतीपुढे तिचे काय चालणार? शिवाय ही संपत्ती तिजोरीत ठेवलेल्या नोटांची नसते. ती कारखाने, बंदरे, समभाग, जमिनी अशा रूपांत असते. वाटायची तर विकावी लागेल. सगळे श्रीमंत एकाच दिवशी विकायला निघाले तर घेणार कोण? त्या समभागांची किंमत विक्री सुरू होताच कोसळेल आणि त्याच समभागांत ज्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा, म्युच्युअल फंडाचा पैसा आहे त्या सामान्यांचेही नुकसान होईल. आणि एक वेळ हे सर्व निभावले तरी पुढच्या वर्षी वाटायला काय उरणार?

यावर आणखी एक युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ करतात. गरिबाच्या हाती पडलेला रुपया लगेच खर्च होतो, मागणी वाढते, कारखान्यांना काम मिळते. श्रीमंताचा रुपया मात्र पडून राहतो. यात तथ्य आहे आणि मंदीच्या काळात पुष्कळच तथ्य आहे. साबण, बिस्किटे, दुचाकी यांची मागणी वाढली तर उत्पादन वाढू शकते. पण जी वस्तू वाढवताच येत नाही, किंवा आपणच वाढू दिलेली नाही, तिच्या बाबतीत काय? शहरातील घर ही तशी वस्तू. उद्या सिल्व्हर पार्कमधील प्रत्येकाच्या हाती तीन लाख रुपये जास्त आले आणि घरे तेवढीच राहिली, तर ते तीन लाख अखेर जमीन विकणाऱ्याच्या खिशात जाऊन बसतील.

येथवर वाचून कोणी सुखावला असेल तर त्याने थोडे थांबावे. कारण फेरवाटपाचे दोन प्रयोग महाराष्ट्रात साधलेही आहेत, आणि त्यांतील एक आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात अजून दुखरा आहे. कूळकायदा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान, तीही हप्त्यांनी. कोकणातील आणि देशावरील कितीतरी पांढरपेशा घरांच्या जमिनी गेल्या. 'जमीनदार' या शब्दाने डोळ्यांपुढे उभा राहणारा हवेलीवाला त्यांत थोडाच होता. चार एकरांवर पोट असलेली विधवाही कायद्याच्या भाषेत जमीनमालकच होती. तिला आणि अल्पवयीनांना काही सवलती होत्या, पण दुःख सवलतीने मावळत नाही. ज्यांच्या आजीने त्या वर्षी दागिने मोडून मुलांना पुण्या-मुंबईला शिकायला पाठवले, त्यांना हे पुस्तकातून कळावे लागत नाही.

असे असूनही न्यायबुद्धीने सांगायचे तर या कायद्याने शेतीचे भले केले. कारण जमीन ज्याच्या नावावर गेली तो माणूस आधीपासून तिच्यात राबत होता. त्याला शोधावे लागले नाही, त्याची निवड कोणा साहेबाला करावी लागली नाही. किंमत ठरलेली, तारीख ठरलेली, लाभार्थी बांधावर उभा. उद्या खंड वाढेल किंवा जमीन काढून घेतली जाईल ही भीती गेल्यावर त्याने विहीर खणली, ताली घातल्या, आंबा लावला. संपत्ती नुसती एका हातातून दुसऱ्या हातात गेली नाही. ती वाढवण्याची इच्छा असलेल्या हातात गेली. नागरी जमिनीच्या कायद्यात नेमके हेच नव्हते. तेथे लाभार्थीला नाव नव्हते, चेहरा नव्हता. होता तो फक्त शासकीय उद्देश.

दुसरा साधलेला प्रयोग रोजगार हमीचा आणि त्याचा धागा सिल्व्हर पार्कातील प्रत्येक पगारपत्रकात आजही सापडेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला ही कल्पना अजमावून पाहिली. १९७२ च्या भीषण दुष्काळात तिची गरज सगळ्या राज्याला पटली. पुढे १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून थोडा कर घ्यायचा, तितकीच भर राज्याने घालायची आणि त्यातून खेड्यातील काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम द्यायचे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क देणारा देशातील तो पहिला कायदा. केंद्राने त्या धर्तीवर कायदा केला तो २००५ साली. व्यवसाय कराची रक्कम राज्यघटनेनेच बांधून दिलेली आहे: प्रारंभी वर्षाला २५० रुपये, १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर २,५००. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते हेच. हा कर चुकवण्यासाठी कोणी स्वित्झर्लंडला खाते उघडल्याचे ऐकिवात नाही.

त्यातून काय झाले? पाझर तलाव, बंधारे, नालाबंडिंग, विहिरी, रस्ते झाले. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली आणि कोकणात आंबा-काजू, देशावर डाळिंब-बोरांच्या बागा शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिल्या. शहरातील कारकुनाच्या शंभर-दोनशे रुपयांचे रूपांतर माणच्या माळरानावरील झाडांत झाले. दोष होते, हजेरीपटावर खोटी नावे चढली, कामे कागदावर झाली, पुढे पुढे या निधीतील मोठाल्या रकमा न वापरता राहिल्या. पण दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईला आठवड्याची मजुरी मिळाली आणि तिने ती बाजारात खर्च केली, तेव्हा 'गरिबाचा रुपया मागणी वाढवतो' हे अर्थशास्त्रज्ञांचे वाक्य खरे ठरले. कारण तेथे रुपयाबरोबर तलावही वाढला होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. खटला मुंबईचाच होता. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारती, ७० टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन संपादन करण्याची तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ साली आली आणि तिला प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनने आव्हान दिले. बत्तीस वर्षांनी निकाल लागला. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यासह सात न्यायमूर्तींनी म्हटले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९ (ब) अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक संसाधने' ठरत नाही, न्या. नागरत्ना अंशतः सहमत होत्या, न्या. धुलिया यांनी भिन्न मत दिले. वृत्तपत्रांनी हा समाजवादाचा पराभव म्हणून रंगवला. परंतु काही खाजगी मालमत्ता समाजाची संसाधने ठरू शकतात, त्यासाठी तिचे स्वरूप, तिची टंचाई, ती थोड्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहावे लागतील, हेही त्याच निकालात आहे. ते मात्र कोणी फारसे छापले नाही.

टंचाई आणि एकवटणे हे दोन्ही शब्द मीरा-भाईंदरच्या जमिनीला चपखल बसतात. १८७० साली ब्रिटिश सरकारने खारे पाणी अडवणारे बांध राखण्याच्या अटीवर येथील मोठा भूभाग एका गृहस्थांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिला; ते हक्क पुढे एका खाजगी कंपनीकडे आले आणि आजच्या सोसायट्यांनाही त्या जुन्या कागदाची झळ लागली आहे. ज्या जमिनीला तेव्हा भात आणि मीठ एवढीच किंमत होती, तिला आज सोन्याचा भाव कशाने आला? मालकाने तेथे काही पेरले म्हणून नव्हे. पश्चिम रेल्वेने गाड्या वाढवल्या, आठ लाख माणसे येऊन राहिली, सूर्या धरणातून या शहरासाठी दिवसाला २१८ दशलक्ष लिटर पाण्याची योजना करदात्याच्या पैशातून आखली गेली, दहिसरहून मेट्रो आली. त्या आठ लाखांच्या श्रमातून वाढलेली ही किंमत आहे आणि तिचा बहुतांश लाभ जो जमीन धरून नुसता बसून राहिला त्याला मिळतो. कारखाना काढणाऱ्याची, औषध शोधणाऱ्याची श्रीमंती आणि ही श्रीमंती यांना एकाच मापाने मोजणे दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना सोयीचे असेल, न्यायाचे नाही.

अशा वाढीतला वाटा समाजाने मागितला तर तो मत्सर नव्हे. तो मागण्याची रीत मात्र १९७६ ची नसावी, १९७५ ची असावी: यूएलसीची नव्हे, व्यवसाय कराची. जमीन जप्त करू नये. मोकळ्या पडलेल्या, सेवासुविधा पोहोचलेल्या भूखंडावर दरवर्षी त्याच्या बाजारभावाच्या प्रमाणात कर घ्यावा. दर लहान असावा, सगळ्यांना सारखा असावा, आणि सूट देण्याचा अधिकार मंत्र्याला, आयुक्ताला, कोणालाच नसावा. जमीन रिकामी ठेवणे महाग पडू लागले की मालक स्वतःच बांधील किंवा बांधणाऱ्याला विकील. आज उलट आहे. जमीन अडवून ठेवणाऱ्याला भाववाढीचे बक्षीस मिळते आणि घर घेणारा तरुण मुद्रांक शुल्क भरतो, नोंदणी फी भरतो, सोसायटीचा देखभाल खर्च भरतो, महापालिकेचा मालमत्ता कर भरतो. मेट्रोमुळे वाढलेल्या किमतीचे पैसे तोच देतो आणि मेट्रोचे तिकीटही तोच काढतो.

असा कर बसला तर कोण ओरडेल हेही उघड आहे. आपल्याच परिचयातील, गावाबाहेर दोन 'इन्व्हेस्टमेंट'चे प्लॉट घेऊन ठेवलेले सज्जन सर्वांत आधी ओरडतील आणि करांच्या दहशतवादावर एखादा लेख या पानांसाठीही पाठवतील. तो छापावा. पण त्यांना एवढे विचारावे की त्या प्लॉटवर गेल्या दहा वर्षांत त्यांनी काय केले, आणि त्याचा भाव तरीही का वाढला.